झेनरचे नाव आणि हिमलोटाचे कार्य : अर्धवाहक डायोडच्या रोधभंगाचा इतिहास

अर्धवाहक डायोड हे विद्युत् प्रवाहाला एकाच दिशेने वाट देणारे साधन होय. सुलट दाब दिला असता त्यातून प्रवाह सहज वाहतो. उलट दाब दिला असता तो जवळजवळ थांबतो. 'जवळजवळ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. उलट दाबाखालीही एक अत्यल्प प्रवाह वाहतच असतो, आणि दाब वाढवीत नेल्यास एका विवक्षित मर्यादेपाशी तो एकाएकी इतका वाढतो की डायोडचा रोध मोडून पडावा. या घटनेला प्रस्तुत लेखात 'रोधभंग' आणि ज्या दाबाला ती घडते त्याला 'भंगदाब' असे म्हटले आहे. भंगदाब गाठल्यावर प्रवाह कितीही बदलला तरी डायोडवरील दाब फारसा बदलत नाही. या गुणाचा उपयोग करून दाब स्थिर राखण्यासाठी जे डायोड तयार करण्यात येतात, ते जगभर 'झेनर डायोड' या नावाने ओळखले जातात.

क्लॅरेन्स झेनर (१९०५-१९९३) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते व रोधभंगाची एक उपपत्ती त्यांनी खरोखरच मांडली होती. परंतु बाजारात मिळणारा १२ किंवा २४ व्होल्टांचा 'झेनर डायोड' घेतला, तर त्यात घडणारी क्रिया झेनर यांनी सांगितलेली नसते. ती सर्वस्वी निराळ्या जातीची असते. हे असे का झाले, ते कोणत्या पुराव्याने उघडकीस आले आणि उघडकीस आल्यानंतरही जुने नाव का टिकले, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा केवळ नावाचा वाद नव्हे. दोन भिन्न कारणांपासून एकसारखाच वक्र मिळत असेल, तर खरे कारण कोणते हे कसे ठरवावे, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे.

उलट दाबाखालील संधी

इतिहासाकडे वळण्यापूर्वी मूळ घटना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. सिलिकॉन किंवा जर्मेनियम यांच्या शुद्ध स्फटिकात फॉस्फरस वा आर्सेनिक यांचे अल्पसे अपद्रव्य मिसळले की मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे आधिक्य होते, हा एन-प्रकार. बोरॉन वा इंडियम मिसळले की इलेक्ट्रॉनांच्या जागा रिकाम्या राहतात आणि या रिकाम्या जागा, म्हणजेच 'पोकळ्या', धन प्रभाराच्या कणांप्रमाणे वागतात, हा पी-प्रकार. एकाच स्फटिकात हे दोन प्रकार जेथे परस्परांस भिडतात ती पी-एन संधी. भिडण्याच्या जागी दोहोंकडील वाहक एकमेकांत मिसळून नाहीसे होतात आणि तेथे वाहकरिक्त असा एक पातळ थर उरतो.

एन बाजूस धन अग्र व पी बाजूस ऋण अग्र जोडले की संधीला उलट दाब मिळाला. अशा वेळी दोन्हीकडील वाहक संधीपासून दूर ओढले जातात, वाहकरिक्त थर रुंदावतो आणि बाहेरून दिलेला जवळजवळ सर्व दाब त्या थरावरच पडतो. थराची रुंदी पुष्कळदा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे वीस-पंचवीस व्होल्टांचा साधा दाबही तेथे दर सेंटिमीटरला काही लाख व्होल्टांचे क्षेत्र उत्पन्न करतो. उष्णतेने संधीच्या परिसरात जे थोडे वाहक आपोआप निर्माण होतात, तेवढेच या क्षेत्रात सापडून पलीकडे जातात व उलट दिशेचा अत्यल्प प्रवाह देतात. हा प्रवाह तपमानाबरोबर झपाट्याने वाढतो. दाबाबरोबर मात्र तो फारसा वाढत नाही. मग भंगदाबापाशी तो अकस्मात उसळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धरणाचा बांध फुटला की तो वाहून जातो. संधीचा रोधभंग तसा नसतो. परिमंडलात योग्य रोध घालून प्रवाहाला आळा घातला, तर डायोडला इजा पोहोचत नाही. दाब उतरविताच तो पूर्ववत् होतो. नाश होतो तो अतिप्रवाहाच्या उष्णतेने, रोधभंगाने नव्हे. म्हणूनच ही घटना पुन्हा पुन्हा मोजता आली आणि तिच्या कारणाचा निर्णय प्रयोगाने करता आला.

झेनर यांचा १९३४ चा निबंध

विशिष्ट स्फटिकांवरील संपर्कातून प्रवाह एका दिशेने अधिक वाहतो, हे फर्डिनांट ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये धातूंच्या सल्फाइडांवर प्रयोग करून दाखविले होते. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना स्फटिकाचा उपयोग विद्युत् तरंग ओळखण्यासाठी केला व त्याचे अमेरिकन एकस्व त्यांना १९०४ मध्ये मिळाले. पुढे तांब्याच्या ऑक्साइडाचे व सेलेनियमचे एकदिशकारक व्यवहारात आले. परंतु उलट दाबाने होणारा रोधभंग हा त्या काळी साधनाचा दोष मानला जाई. त्याच्या मुळाशी काही नियम असावा, असा विचार करण्यास लागणारी सैद्धांतिक सामग्रीच तोवर उपलब्ध नव्हती.

ती १९२८ ते १९३१ या अवघ्या तीन-चार वर्षांत तयार झाली. स्फटिकाच्या नियमित रचनेतून इलेक्ट्रॉन कसा वावरतो याची उपपत्ती फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये दिली. त्याच वर्षी गॅमो यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी, अणुकेंद्रातून आल्फा कण बाहेर कसा पडतो याचे पुंज यामिकीच्या आधारे स्पष्टीकरण केले. पुरेशी ऊर्जा नसतानाही कण ऊर्जेच्या टेकडीतून, जणू बोगदा खणून, पलीकडे जाऊ शकतो, हा त्यातला नवा विचार होता. फाउलर व नॉर्डहाइम यांनी तो प्रबळ क्षेत्रात धातूतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांना लावला. १९३१ मध्ये ए. एच. विल्सन यांनी निरोधक, अर्धवाहक व धातू यांतील भेद ऊर्जापट्टांच्या भाषेत मांडला. निरोधकात इलेक्ट्रॉनांनी भरलेला एक पट्ट असतो, त्याच्या वर रिकामा पट्ट असतो, आणि या दोहोंमध्ये निषिद्ध ऊर्जेची दरी असते.

झेनर यांनी या दोन कल्पनांची सांगड घातली. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे असताना त्यांनी लिहिलेला निबंध १९३४ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. पुरेसे प्रबळ क्षेत्र असेल, तर भरलेल्या पट्टातील इलेक्ट्रॉन निषिद्ध दरीतून बोगद्याच्या मार्गाने थेट रिकाम्या पट्टात जाऊन मोकळा होऊ शकेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. क्षेत्र थोडे वाढले तरी अशा संक्रमणांची संख्या प्रचंड प्रमाणात वाढते. म्हणून रोध एकाएकी मोडलेला दिसतो.

हा निबंध अर्धवाहक डायोडविषयी नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याचा विषय घन विद्युत् अपारकांचा रोधभंग हा होता. पी-एन संधी तेव्हा कोणासही ठाऊक नव्हती. अपारकांच्या बाबतीतही ही उपपत्ती निर्विवाद ठरली नाही. फोन हिपेल यांनी याच दशकात आघाताने होणाऱ्या आयनीभवनाचा पक्ष मांडला होता, आणि फ्र्योलिख यांनी १९३७ मध्ये त्याच दिशेने आयनी स्फटिकांच्या रोधभंगाची उपपत्ती रचली. म्हणजे ज्या दोन स्पष्टीकरणांमध्ये पुढे डायोडच्या बाबतीत निवड करावी लागली, ती दोन्ही डायोड जन्मास येण्यापूर्वीच समोरासमोर उभी होती.

१९५१ चे नामकरण

१९४० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांना सिलिकॉनच्या एका तुकड्यात पी-एन संधी आढळली. १९४७ च्या डिसेंबरात बार्डीन व ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर सिद्ध केला आणि १९४९ मध्ये शॉक्ली यांनी पी-एन संधीची सविस्तर उपपत्ती प्रसिद्ध केली. संधी मनाजोगती तयार करता येऊ लागल्यावर तिच्यावरील उलट दाब वाढवून पाहणे ओघानेच आले.

१९५१ मध्ये मॅकफी, रायडर, शॉक्ली व स्पार्क्स या चौघांनी जर्मेनियमच्या संधींतील रोधभंगाची निरीक्षणे 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. निबंधाच्या शीर्षकातच या प्रवाहाला 'झेनर प्रवाह' असे नाव दिलेले होते. तेव्हाच्या ज्ञानाला धरून हे नाव अवास्तव नव्हते. क्षेत्र प्रबळ होते, प्रवाहाची वाढ आकस्मिक होती, आणि प्रबळ क्षेत्रात आकस्मिक वाढ कशी होईल हे सांगणारी एक प्रतिष्ठित उपपत्ती सतरा वर्षांपूर्वीच हाताशी आलेली होती. त्यामुळे नाव पडले आणि लवकरच रूढही झाले.

हिमलोटाचा पुरावा

दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, त्याच प्रयोगशाळेतून व त्याच नियतकालिकात मॅके व मॅकफी यांचा सिलिकॉन व जर्मेनियम यांतील इलेक्ट्रॉनांच्या गुणनाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. यातील मॅकफी हे १९५१ च्या निबंधावर स्वाक्षरी असलेलेच मॅकफी होत. स्वतः सहभागी होऊन दिलेल्या स्पष्टीकरणाची व्याप्ती त्यांनी स्वतःच नव्या प्रयोगाने मर्यादित केली.

या प्रयोगामागील तर्क अतिशय सरळ आहे. रोधभंग बोगदा परिणामाने होत असेल, तर बाहेरून आत सोडलेल्या वाहकांचा त्याच्याशी संबंध असण्याचे कारण नाही. क्षेत्र प्रत्येक इलेक्ट्रॉनाला त्याच्या जागेवरून परस्पर मोकळे करील. उलट, वेगवान वाहक स्फटिकातील बंधांवर आदळून नवे वाहक मुक्त करीत असतील, तर बाहेरून सोडलेल्या थोड्या वाहकांचे भंगदाबाच्या आधीच गुणन झालेले दिसले पाहिजे. मॅके व मॅकफी यांनी रुंद संधींवर प्रकाश टाकून, तसेच आल्फा कणांचा मारा करून, वाहक निर्माण केले आणि दाब वाढवीत नेला. एका वाहकाचे सरासरी अठरा वाहक होईपर्यंत गुणन झालेले त्यांनी मोजले. प्रकाशाने, आल्फा कणांनी वा उष्णतेने, कोणत्याही मार्गाने निर्माण झालेल्या वाहकांचे गुणन एकाच रीतीने होत होते, आणि भंगदाब जवळ येताच ते वेगाने वाढत होते.

ही घटना भौतिकशास्त्राला वायूंच्या बाबतीत अर्धशतक आधीपासून परिचित होती. विरळ वायूत इलेक्ट्रॉन क्षेत्राने वेग घेतो, रेणूवर आदळतो व दुसरा इलेक्ट्रॉन मुक्त करतो. दोहोंचे चार, चारांचे आठ होतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी टाउनसेंड यांनी याची उपपत्ती दिली होती. डोंगरउतारावर सुटलेला एक दगड इतर दगडांना गती देतो व पाहता पाहता दरड खाली येते, तसाच हा प्रकार आहे. पाश्चात्त्य लेखकांनी त्यासाठी हिमलोटाची उपमा योजली व तीच रूढ झाली. स्फटिकात या क्रियेला एक विशेष जोड मिळते. मुक्त झालेला इलेक्ट्रॉन एका दिशेने जातो, तर मागे राहिलेली पोकळी उलट दिशेने धावते व तीही आघात करून नवे वाहक निर्माण करते. इलेक्ट्रॉन एकटाच गुणन करीत असता, तर त्याने थर ओलांडताच लोट संपला असता. पोकळी उलट फिरून नवा लोट सुरू करते, म्हणून एका मर्यादेनंतर क्रिया स्वतःच्या बळावर चालू राहते, हाच रोधभंग. मॅके यांनी १९५४ मध्ये सिलिकॉनमधील रोधभंगाचे या दृष्टीने विवेचन केले, वोल्फ यांनी त्याच वर्षी त्याची सैद्धांतिक बाजू मांडली आणि मिलर यांनी १९५५ मध्ये जर्मेनियममधील हिमलोटाची मोजमापे प्रसिद्ध केली.

आणखी एक पुरावा डोळ्यांना दिसणारा होता. न्यूमन यांनी १९५५ मध्ये रोधभंगाच्या अवस्थेतील सिलिकॉन संधीतून दृश्य प्रकाश निघतो असे नमूद केले, आणि चायनोवेथ व मॅके यांनी पुढच्या वर्षी त्याचा अभ्यास केला. हा प्रकाश संधीवर सर्वत्र सारखा पसरलेला नव्हता. तो सूक्ष्म ठिपक्यांतून येत होता. त्या ठिकाणी स्फटिकात मोठी ऊर्जा असलेले वाहक वावरत आहेत, याची ती खूण होती.

एका वक्राच्या दोन शाखा

मग झेनर यांची उपपत्ती चुकीची ठरली काय? तसे मुळीच नाही. १९५३ च्या निबंधातच एक महत्त्वाची नोंद आहे : अतिशय अरुंद संधींमध्ये झेनर प्रवाह सुरू होण्यापूर्वी मोजता येईल असे गुणन आढळले नाही. हिमलोटाला अंतर लागते. वाहकाला आघातापूर्वी पुरेशी ऊर्जा गोळा करण्यास वाव हवा असतो. अपद्रव्य पुष्कळ मिसळले की थर अरुंद होतो, धाव घेण्यास जागा उरत नाही, आणि क्षेत्र मात्र दर सेंटिमीटरला दहा लाख व्होल्टांच्या आसपास पोहोचते. अशा वेळी बोगदा परिणामाचे पारडे जड होते. १९५७ मध्ये चायनोवेथ व मॅके यांनी अरुंद सिलिकॉन संधींत हा परिणाम प्रयोगाने ओळखला.

त्याची सर्वांत ठळक साक्ष जपानमधून आली. सोनी कंपनीत काम करणाऱ्या लिओ एसाकी यांनी अतिशय अधिक अपद्रव्य असलेल्या जर्मेनियमच्या अरुंद संधी तयार केल्या. १९५८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणात सुलट दाबाखालीही बोगदा परिणाम दिसतो व दाब वाढत असता प्रवाह काही काळ घटतो, असे दाखविले होते. या संधींत उलट दिशेचा प्रवाह तर शून्य दाबापासूनच सहज वाहू लागतो. झेनर यांची क्रिया येथे अगदी उघड्यावर आली. या कार्याबद्दल एसाकी यांना १९७३ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दोन क्रियांचा हिशेब आता स्पष्ट झाला आहे. निषिद्ध दरीच्या ऊर्जेशी तुलना करता भंगदाब तिच्या सुमारे चौपटीहून कमी असेल, तर बोगदा परिणाम प्रधान; सहापटीहून अधिक असेल, तर हिमलोट प्रधान; आणि मधल्या पट्ट्यात दोहोंचे मिश्रण. सिलिकॉनमध्ये ही दरी १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टांची आहे. म्हणून साडेचार व्होल्टांखाली झेनर यांचे राज्य, पावणेसात व्होल्टांवर हिमलोटाचे, अशी स्थूल विभागणी करता येते.

तपमानाची कसोटी तर याहूनही सोपी आहे. तपमान वाढले की निषिद्ध दरी किंचित अरुंद होते. बोगदा अधिक सुलभ होतो आणि भंगदाब घटतो. हिमलोटाच्या बाबतीत उलट घडते. तापलेल्या स्फटिकातील अणूंची कंपने वाढतात, वाहकाची ऊर्जा वाटेतच अधिक खर्ची पडते, आणि तेवढाच लोट उत्पन्न करण्यास अधिक दाब द्यावा लागतो. ३.३ व्होल्टांच्या सिलिकॉन डायोडचा भंगदाब दर अंशाला दोन-अडीच सहस्रांश व्होल्टांच्या आसपास घटतो, तर १२ व्होल्टांच्या डायोडचा सात-आठ सहस्रांश व्होल्टांच्या आसपास वाढतो. पाच ते सहा व्होल्टांच्या दरम्यान दोन्ही परिणाम एकमेकांस जवळजवळ छेद देतात. अत्यंत स्थिर संदर्भ-दाब देणारे डायोड नेमके याच परिसरात रचले जातात, यामागचे कारण हेच होय.

नाव आणि कार्य

इतके स्पष्ट झाल्यावरही नाव बदलले नाही. साडेतीन व्होल्टांपासून शेकडो व्होल्टांपर्यंतचे दाबस्थिरकारी डायोड सरसकट झेनर यांच्याच नावाने विकले जातात. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण येथे काहींना आठवेल. परंतु ती पूर्णतः लागू पडत नाही, कारण येथे हाती आलेले वाळे कथलाचे नव्हते. हिमलोटाच्या अभ्यासातून एक नवे क्षेत्र उभे राहिले. रीड यांनी १९५८ मध्ये हिमलोटाच्या कालविलंबाचा उपयोग करून सूक्ष्मतरंग निर्माण करण्याची योजना मांडली आणि १९६५ मध्ये बेल प्रयोगशाळेत तशी आंदोलने मिळाली. प्रकाशाने निर्माण झालेल्या वाहकांचे गुणन करणारे हिमलोट डायोड पुढे प्रकाशतंतूंतील संदेश ग्रहण करण्यासाठी उपयोगात आले. भंगदाबाच्या किंचित वर ठेवलेल्या संधीत एकच प्रकाशकण एक संपूर्ण लोट सुरू करू शकतो. त्यावरून एकेक प्रकाशकण मोजणारी साधने तयार झाली. १९५३ मध्ये कारणाचा निवाडा करण्यासाठी जो प्रकाश संधीवर टाकला गेला, त्याच प्रयोगाचे हे विस्तारित रूप होय.

व्यापारात नाव तसेच राहण्यास फारशी हरकत नाही. ग्राहकाला दाब स्थिर हवा असतो, त्याला कारणाशी कर्तव्य नसते. अध्यापनात मात्र हरकत आहे. डायोडचा वक्र काढून त्यावर 'झेनर परिणाम' असे लिहिणारा विद्यार्थी १९५१ सालीच थांबतो, आणि तो वक्र कितीही सुबक असला तरी आपले कारण स्वतःहून सांगत नाही. हा दोष दूर करण्यास मोठी सामग्री लागत नाही. नेहमीच्या प्रयोगात एका डायोडऐवजी दोन घ्यावेत, एक ३.३ व्होल्टांचा व दुसरा १२ व्होल्टांचा. ठरावीक प्रवाह ठेवून दोहोंना थोडी ऊब द्यावी आणि दाबमापकावरील काटा कोणत्या बाजूस सरकतो ते पाहावे. एकाचा दाब उतरेल, दुसऱ्याचा चढेल. कोणत्या डायोडवर झेनर यांचा न्याय्य अधिकार आहे, हे मग विद्यार्थ्याला स्वतःच्या मोजणीवरून ठरविता येईल. आणि मॅकफी यांना दोन वर्षांच्या अंतराने दोन निबंध का लिहावे लागले, हेही त्याला निराळे सांगावे लागणार नाही.